कॅनकुन दोन दिवस पुरे, आत चला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की परदेशात फिरायला जाताय तर प्रश्न पाठवा, आणि निम्मी पत्रं एकाच जागेबद्दल आली, मेक्सिकोचा युकातान भाग म्हणजे कॅनकुन, तुलुम, चिचेन इत्झा वगैरे. कारण उघड आहे. आपल्याकडची पोरं टेक्सास न् न्यू जर्सीत, आईवडील चार-सहा महिने राहायला गेले की पोरं म्हणतात चला जवळच आहे फिरून येऊ, आणि खरंच ह्यूस्टनहून विमान दोन-अडीच तासांत पोचवतं, भुसावळ ते मुंबई रेल्वेला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. मी तो भाग फिरलेय, आणि माझं म्हणणं एकच आहे, खाली सारखं सारखं येईल तेव्हा कंटाळू नका: समुद्र बघा, पण तिथली खरी गंमत जमिनीखालच्या पाण्यात आहे.

ताई, मुलगा कॅनकुनच्या रिसॉर्टचं पाच दिवसांचं पॅकेज घ्यायचं म्हणतो, खाणंपिणं सगळं त्यातच. आम्हा दोघांना समुद्राचं एवढं काही नाही. अजून काय बघता येईल? आणि व्हिसाचं कसं?
निवृत्त शिक्षिका, अमळनेर

मॅडम, पाच दिवस रिसॉर्टमध्ये म्हणजे पाच दिवस जेवायच्या रांगेत. कॅनकुन हे जुनं गाव नाहीच मुळी, १९७० च्या आधी तिथे जवळपास वाळू न् नारळच होते, मेक्सिको सरकारनं ठरवून पर्यटनासाठी ते शहर उभं केलं. वाळू मात्र सुंदर, पांढरी, आणि भर दुपारीही पायाला फारसा चटका देत नाही कारण ती चुनखडीची आहे. दोन दिवस मुलाच्या मनासारखं करा. मग वायादोलिद नावाचं छोटं गाव आहे आतल्या बाजूला, तिथे मुक्काम हलवा. चौक, चर्च, रंगवलेली बैठी घरं, संध्याकाळी बाकावर बसलेली म्हातारी माणसं, तुम्हाला आवडेलच. तिथून चिचेन इत्झा पाऊण तासावर, 'एक बालाम' त्याहून जवळ, कोबाही जमतं, तिन्ही माया लोकांची, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांची, जुनी शहरं. वाट वाकडी करायची तयारी असेल तर मेरिदा शहराच्या रस्त्यावर इसामाल आहे, अख्खं गाव पिवळ्या रंगात रंगवलेलं आणि मधोमध मोठा मठ, जो स्पॅनिश लोकांनी जुन्या माया मंदिराच्या चौथऱ्यावरच बांधला, दगडही तिथलेच वापरले.

व्हिसाचं म्हणाल तर तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, कॅनडा, ब्रिटन, जपान, युरोपचा शेंगेन यातला असला तरी चालतं. तरी तिकीट काढायच्या आधी मेक्सिकोच्या वकिलातीच्या साइटवर एकदा नजर टाका, आणि एक विसरू नका, परत अमेरिकेत शिरायचंय ना, तर तिकडचा व्हिसा एकाच एन्ट्रीचा तर नाही ना हे मुलाला नीट बघायला सांगा.

मी केळीवाला माणूस, पाणी सोडून दुसरं सुचत नाही. नातवानं सांगितलं की तिकडे जंगल आहे, पाऊस आहे, पण नदीच नाही. हे कसं काय? मग ती एवढी मोठी शहरं पाणी प्यायची कुठून?
बागायतदार, रावेर तालुका

दादा, हा प्रश्न वाचून मी खूश झाले, कारण तिकडे जाणाऱ्या दहातल्या नऊ लोकांना हा प्रश्न पडतच नाही. नातू बरोबर सांगतोय. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. कॅनकुन-तुलुमकडे पाऊस आपल्या जळगावच्या दुपटीच्या आसपास पडतो, पण जमीन सगळी चुनखडीची. आपला काळा पाषाण पाणी सहजासहजी आत घेत नाही, फटी असतील तिथूनच काय झिरपेल ते, म्हणून आपल्याकडे नाले भरून वाहतात न् मग कोरडे पडतात. चुनखडीचं उलटं, पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते दगड विरघळवत विरघळवत थेट खाली जातं, आणि खाली बोगदे तयार होतात, लहानसहान नाही, शेकडो किलोमीटरचे. तुलुमजवळ साक आक्तुन नावाची पाण्याखालची गुहा आहे, २०१८ मध्ये डायव्हर लोकांनी ती शेजारच्या दोस ओखोस गुहेला जोडलेली आहे हे शोधून काढलं तेव्हा मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. म्हणजे नद्या आहेत हो, पण तळघरात.

हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या, माणसं आत जायची. २००७ मध्ये ओयो नेग्रो नावाच्या अशाच एका खड्ड्यात एका पोरीचा सांगाडा सापडला, वय पंधरा-सोळाच्या आसपास, बारा हजार वर्षांहून जुना, नाव ठेवलं नाया. नंतर समुद्र वर आला, गुहा भरल्या. जिथे छप्पर कोसळलं तिथे वरून आत डोकावता येतं असं गोल भोक तयार झालं, त्याला म्हणतात सेनोते. आपली बारव डोळ्यासमोर आणा, फक्त कुणी न बांधलेली, तळाशी निळंशार पाणी, भिंतीतून झाडांची मुळं खाली लोंबतायत पाण्याला टेकायला. माया लोकांची गावं, शहरं या सेनोतेंच्या कडेनं वसली. चिचेन इत्झा या नावातच इत्झा लोकांच्या विहिरीचं तोंड असा अर्थ आहे. तिथला जो पवित्र सेनोते आहे त्याचं पाणी प्यायला नव्हतं, तिथे पावसाच्या देवाला, चाकला, वस्तू वाहायचे, सोनं, जेड, धूप, आणि माणसंसुद्धा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाळ उपसला तेव्हा हाडंही निघाली. त्यात पोहायला बंदी आहे, आणि मला तरी ते बरंच वाटतं.

पण तुमच्यासारख्याला मी उश्मालला, आणखी एका जुन्या माया शहरात, पाठवेन. ते डोंगराळ पट्ट्यात, पाणी फार खोल, सेनोते नाहीत. मग त्या लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराचे हौद खोदले, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं, आतून चुन्याचा गिलावा, आणि अंगणाचा उतार असा काढला की पावसाचं पाणी सगळं हौदाकडेच यावं. चुलतुन म्हणतात त्याला. एवढं मोठं शहर पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर चाललं. आणि भिंती बघा तिथल्या, जिथे तिथे चाकचे मुखवटे, नाक सोंडेसारखं वळलेलं, शेकड्यांनी. पाण्याची ददात असली की देवाची आळवणी वाढते हे काय आपल्याला सांगायला हवं? पांझरेवर बंधारे घालून फड पद्धतीनं पाणी वाटून घेणाऱ्या धुळ्याकडच्या लोकांनी आणि उश्मालच्या लोकांनी समोरासमोर बसून गप्पा मारायला हव्या होत्या असं मला फार वाटतं.

अजून एक सांगते न् थांबते, नाहीतर संपादक ओरडतील. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक अशनी पृथ्वीवर आदळली, डायनोसॉर संपले ते त्यावेळी, ती पडली याच युकातानच्या टोकाशी, चिक्शुलुब गावाजवळ. साधारण १८० किलोमीटर रुंदीचं विवर, आज वरून दिसत नाही, चुनखडीखाली गाडलं गेलंय, पण सेनोतेंची एक लांब कमान त्या विवराच्या कडेकडेनं उमटलीय. आणि त्याच काळात इकडे आपल्या खान्देशाच्या जमिनीत लाव्हाचे थरावर थर साचत होते, तुमची केळी ज्या काळ्या मातीत उभी आहे ना ती त्याच लाव्हाची झीज. डायनोसॉर जाण्यात त्या दगडाचा वाटा किती न् आपल्या लाव्हाचा किती यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालूच आहेत.

चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर चढता येतं का? रील्समध्ये टाळी वाजवताना दाखवतात ते काय आहे? आणि २०१२ ला जग बुडणार म्हणाले होते ते हेच लोक ना?
कॉलेजचा विद्यार्थी, चाळीसगाव

नाही, चढता येत नाही, बरीच वर्षं झाली बंद करून. खालूनच बघ. चार बाजूंना जिने, प्रत्येकाला ९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, वरचा चौथरा धरला की ३६५, वर्षाचे दिवस. उंची वरच्या देवळासकट तीस मीटरच्या आसपास. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास दुपारी उन्हाची त्रिकोणी त्रिकोणी नक्षी उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते आणि खाली दगडी नागाचं डोकं आहे त्याला जाऊन मिळते, नाग उतरतोय असंच वाटतं. त्या दिवशी गर्दी मात्र आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेसारखी, जमल्यास टाळ. टाळीचं म्हणशील तर जिन्यासमोर उभं राहून वाजवली की पायऱ्यांवरून प्रतिध्वनी चिर्रर्र असा पक्ष्यासारखा येतो, केत्साल पक्ष्याच्या आवाजाशी जुळतो म्हणतात, त्यांनी मुद्दाम तसं बांधलं की आपोआप झालं यावर एकमत नाही.

२०१२ चं खापर त्यांच्यावर फोडू नकोस. त्यांच्या लांब मोजणीच्या कॅलेंडरात २१ डिसेंबर २०१२ ला एक मोठा टप्पा पूर्ण होत होता, १३ वा बाकतुन (त्यांच्या कालमोजणीतलं मोठं एकक), एवढंच. गाडीचा मीटर शून्यावर आला म्हणून गाडी फुटत नाही. जगबुडी टीव्हीवाल्यांनी काढली.

तू चाळीसगावचा आहेस म्हणून सांगते, पाटणादेवीला गेलायस ना, तिथे शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचा. तो वाचून मग चिचेन बघ. या लोकांनी भारताशी काडीचा संबंध नसताना स्वतःचं शून्य वापरलं, शिंपल्याच्या खुणेनं दाखवायचे, एकासाठी टिंब, पाचासाठी आडवी रेघ, आणि गणती वीस-वीसनं. शुक्राचं ५८४ दिवसांचं चक्र त्यांनी पक्कं मोजलं होतं, चिचेनमध्येच गोल वेधशाळा आहे, काराकोल, तिच्या खिडक्या शुक्राच्या दिशांना जुळवलेल्या. आणि हे सगळं लिहिलेली पुस्तकं होती, झाडाच्या सालीच्या कागदावर, ती १५६२ च्या जुलैत मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं जाळून टाकली. आज अख्ख्या जगात चार उरलीत. गंमत म्हणजे नंतर त्याच पाद्र्यानं माया लोकांबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आणि त्यातल्याच खुणांवरून पुढे लिपी वाचायला मदत झाली, आता त्याला शिव्या द्यायच्या की आभार मानायचे, तूच ठरव.

सकाळी ८ ला दार उघडतं तेव्हाच पोच. १० नंतर कॅनकुनच्या बसा येतात आणि सावलीला जागा उरत नाही.

भाऊ, तठे खावाले काय भेटस? आम्ही पक्के शाकाहारी.
धुळ्याहून एक वाचक

भाऊ नाही, ताई! असू द्या.

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. भाकरीची सवय असलेल्याला तिथली मक्याची तोर्तिया, म्हणजे पातळ पोळी, दोन दिवसांत आवडायला लागते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, धुतात, मग दळतात, त्यामुळे तिला वेगळाच वास येतो आणि मक्यातलं जीवनसत्त्वही अंगी लागतं. तोर्तिया आणि काळा घेवडा हे तिथलं रोजचं, पण घेवड्यात डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, म्हणून 'सिन मान्तेका' म्हणायचं, म्हणजे चरबी नको, आणि नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, कोंबडी न् मासे वेगळे सांगा, त्यांच्या मते ते मांसात येत नाही! भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची न् टोमॅटोची एक चटणी असते, सिकिल पाक, ती मी वाटीभर खाल्लीय. पापाद्झुलेस, म्हणजे भरलेल्या तोर्तिया, पण बियांच्याच रश्शात, पण आत उकडलेलं अंडं असतं. चाया नावाची पालेभाजी मिळते, शिजवलेलीच खायची, कच्ची नाही. हाबानेरो मिरचीच्या वाटेला जाताना मात्र आपण ठेच्यावर वाढलोय हा तोरा बाजूला ठेवा, टोकाएवढी घ्या, दिसायला ती छोट्या कंदिलासारखी गोंडस असते न् मग कान बंद होतात. केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं काही समोर आलं तर पान बघून भुलू नका, आत डुक्कर असतं.

फळं बघून तर हसूच येतं. चिकू, पपई, पेरू, सीताफळ ही सगळी मूळची अमेरिकेकडची, चिकूचं झाड तर याच जंगलातलं, त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनायचं. आणि आपली मिरचीसुद्धा तिकडून पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे खान्देशी काळ्या मसाल्याचा जीव मेक्सिकोचा. केळी उलट आपल्या आशियातून तिकडे गेली. हिशेब फिटला.

बिबडे, खाकरे, शेव, कोरडी चटणी बॅगेत टाका. ताजी फळं, भाज्या, बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. नळाचं पाणी पिऊ नका.

दोन मुलं, दहा न् तेरा वर्षांची, मासे न् प्राण्यांची भयंकर आवड. मे महिन्यात सुटी असते. चालेल का?
डॉक्टर दांपत्य, जळगाव

चालेल पण मनापासून हो म्हणणार नाही. त्या किनाऱ्यासमोर जगातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी प्रवाळरांग आहे, तिथून बेलीझ, ग्वाटेमाला करत होंडुरासपर्यंत जवळपास हजार किलोमीटर. आकुमालला कासवं चरताना दिसतात, खाडीत गवत आहे ते खायला येतात. व्हेल शार्क, म्हणजे जगातला सर्वात मोठा मासा, स्वभावानं गरीब, तो तिकडच्या उन्हाळ्यातच येतो, जून ते ऑगस्ट भर सीझन, ओलबोश न् इस्ला मुहेरेस बेटांच्या बाजूला. आता अडचण अशी की तेच दिवस सारगासमचे. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगानं येतंय, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, सडलं की अंड्यासारखा वास, आणि १ जूनपासून नोव्हेंबरअखेर चक्रीवादळांचे दिवस. मेमध्ये वादळं नाहीत, पण उकाडा आहे. आकडा बघून फसू नका, पस्तीस म्हणजे आपल्याला थंडच वाटेल, पण जळगावचं ऊन कोरडं, तिथे घाम वाळतच नाही.

म्हणून डिसेंबर ते मार्च जमवा. शाळेला दांडी मारावी लागली तर मारा, मी काय कुणाला सांगत नाही. तेव्हा सेलेस्तुनला फ्लेमिंगोंचे थवे असतात, बोटीतून बघायचे, बोटवाल्याला जवळ न्यायचा आग्रह करू नका, ते उडाले की त्यांचं खाणं मोडतं. तुलुमच्या खाली सियान कान अभयारण्य आहे, १९८७ पासून जागतिक वारसा, पाच लाख हेक्टरांच्या वर, खारफुटी, मगरी, पाणगायी (मॅनटी), नशीब असेल तर दिसतील. आणि पुंता लागुनाला स्पायडर मंकी, ते जंगल तिथले माया गावकरीच सांभाळतात, वाटाड्या त्यांचाच घ्या.

मुलांना सेनोतेत नेणारच, तर लाइफ जॅकेट घालाच, कडेलाच पाणी खोल असतं, पायाला तळ लागत नाही. आत उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात आणि सनस्क्रीन चालत नाही, कारण सगळं पाणी खालून एकमेकांना जोडलेलं, तेच गावांचं प्यायचं. किनाऱ्याकडच्या सेनोतेत वर गोडं पाणी न् खाली खारं असतं, दोन्ही भेटतात तिथे पाणी तेलकट, धूसर दिसतं. तेरावाल्याला ते दाखवा, शाळेच्या पुस्तकातली घनता तिथे डोळ्यांनी दिसते.

माया लोक अचानक नाहीसे झाले असं वाचलं. मग तिथे राहतं कोण?
आश्रमशाळेतील शिक्षक, नंदुरबार जिल्हा

मायाच राहतात सर! नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली हे खरं, दुष्काळांची मालिका, लढाया, अशी कारणं सांगतात, पण माणसं कुठे गेली नाहीत, उत्तरेला चिचेन नंतर भरभराटीला आलं, तुलुम तर स्पॅनिश जहाजं आली तेव्हा चालतं शहर होतं, समुद्राकडेच्या कड्यावर, तटबंदीसकट. आज युकातानात सात-आठ लाख लोक माया भाषा बोलतात. १८४७ मध्ये ते जमीनदारांविरुद्ध उठले आणि ती लढाई विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत चालली. तुमच्याकडच्या सातपुड्यातल्या पोरांना हे सांगाच, आणि हेही की त्यांच्या शेतात मका, घेवडा न् भोपळा एकाच तुकड्यात लावतात, मक्यावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं ओल धरतात. पावरा घरातलं पोर लगेच ओळखेल.

२०२३ च्या डिसेंबरपासून तिकडे माया रेल्वे सुरू झालीय, कॅनकुन, वायादोलिद, चिचेन, मेरिदा सगळं जोडते, सोयीची आहे यात वाद नाही, पण तिच्यासाठी जंगल तुटलं आणि काही ठिकाणी लोखंडी खांब थेट गुहांमध्ये उतरवले म्हणून तिथे फार आरडाओरड झाली. ज्याच्या छपरावर तुम्ही उभे आहात ते पोकळ आहे हे माहीत असताना खांब ठोकायचे म्हणजे कमालच. मी बसनं फिरेन, एडीओ नावाच्या कंपनीच्या बसा चांगल्या आहेत.

पैसे, चार्जर, घड्याळ वगैरे बारीकसारीक?
बऱ्याच जणांनी विचारलंय

पेसो चालतो, एक पेसो साधारण पाच रुपयांच्या आसपास धरा. दुकानात डॉलरची खूण दिसली तर घाबरू नका, पेसोचीही खूण तीच, पण पर्यटकी जागी विचारून घ्या कुठला ते. चिचेनला तिकिटं दोन घ्यावी लागतात, केंद्राचं वेगळं न् राज्याचं वेगळं. वीज १२७ व्होल्ट, पिना चपट्या, मोबाइलचा चार्जर चालतो पण घरची इस्त्री नेलीत तर ती कोमटच राहणार. आणि घड्याळ नीट बघा: कॅनकुन-तुलुम किंताना रो राज्यात, चिचेन-वायादोलिद युकातान राज्यात, दोन्हींत एक तासाचा फरक. जाताना तास वाढून मिळतो, येताना कापला जातो. वायादोलिदहून सकाळी निघून कॅनकुनचं दुपारचं विमान पकडायचं असेल तर हा तास धरूनच गाडी सांगा.